मेणाच्या बोळ्यांची डबी

मागांच्या शेडमध्ये बायका आवाज न काढता बोलायच्या. चाळीस माग एकदम सुरू झाले की शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही पोचायचं नाही. मग ओठच मोठेमोठे हलवायचे, भुवयांची आणि हातांची त्याला जोड द्यायची, की समोरच्या रांगेतली बाई ते वाचायची. कोणाची सून रुसली, कोणाच्या नवऱ्याने नवी सायकल घेतली, सगळं या रांगेतून त्या रांगेत असं बिनआवाजी फिरायचं. मुकादमाची त्याच्या देखत इतकी थट्टा व्हायची, पण बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्याच्या भरघोस मिशांमुळे त्याचं बोलणं मात्र कोणालाच वाचता येत नसे. बायका म्हणायच्या, आधी मिशी कापा, मग काम सांगा.

या सगळ्यांत वरचढ होती मास्तरीण. शाळेतली नव्हे, नव्या मुलींना माग शिकवायची म्हणून तिला ते नाव पडलं होतं. ताण्यातला एक धागा तुटला की मागाच्या आवाजात केसाएवढा फरक पडतो, आणि तो तिला तीन माग पलीकडून कळायचा. ती नुसती मान वळवून ओठांनी सांगायची, सातव्यावर बघ, आणि सातव्यावर खरोखर धागा लोंबत असायचा. या कानांचा तिला फार ताठा होता. कानांत कापूस घालून येणाऱ्या मुलींना ती चार दिवसांच्या पाहुण्या म्हणायची.

तिच्या धाकट्या जावेला शेडमध्ये तिनेच लावलं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती. हाताने चपळ, बोलायला गोड, आणि हसली की घराच्या दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल अशी. पहिल्या दिवशी कामावर येताना तिने एक चपटी, गोल पत्र्याची डबी आणली होती. तिचे वडील दगडखाणीत सुरुंगाची भोकं पाडायचे. चाळिशीतच त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि लेक मागावर जाणार म्हटल्यावर त्यांनी कापूस मेणात घोळवून, तिच्या कानांच्या मापाने चेपून, बोळ्यांच्या सहा जोड्या स्वतःच्या हातांनी करून दिल्या होत्या.

मास्तरणीने मागासमोर हात पुढे केला.

"डबी माझ्याकडे दे," ती ओठांनी म्हणाली. धाकटीला ती भाषा अजून येत नव्हती, म्हणून तिला तीनतीनदा सांगावं लागलं. "कान बंद करून माग चालत नाही. धागा तुटलेला ऐकू यायला लागला की परत घे."

नवी सून थोरल्या जावेपुढे काय बोलणार? तिने डबी दिली.

सहा महिन्यांत धाकटीला धागा ऐकू यायला लागला. तिने एका दुपारी सुट्टीत हळूच विचारलं, जाऊबाई, माझी डबी? तोवर बोळे कचऱ्यात गेले होते आणि डबीत मास्तरणीच्या शिवणाच्या सुया पडल्या होत्या. झाकण घट्ट बसायचं, सुयांना गंज लागायचा नाही. आता हे कसं सांगायचं? मास्तरीण म्हणाली, कुठे पडली कोण जाणे, हरवली. धाकटी बरं म्हणाली आणि डबा खायला लागली.

पुढे कारखान्याने सगळ्यांना स्पंजाचे पिवळे बोळे वाटले. ते खिशात ठेवायचे आणि तपासणीला साहेब आले की कानांत घालायचे, ही युक्तीही मास्तरणीचीच. साहेबांची पाठ वळली की चाळीस बायका एकदम बोळे काढायच्या आणि हसायच्या. त्या हसण्याची आठवण मास्तरणीला पुढे कितीतरी वर्षं गोड वाटत राहिली.

चाळिशी उलटल्यावर तिला कापड तपासायच्या खोलीत नेमलं. तिथे एक लांब टेबल, दिवा आणि शांतता. धाकटी मात्र सव्वीस वर्षं मागावरच राहिली.

माणसाचे कान एका दिवसात जात नाहीत, म्हणून ते गेलेले कळतही नाहीत. धाकटीला आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, आणि तिला वाटलं, हल्ली चिमण्याच कमी झाल्या. मग दाराची घंटा गेली, मग लहान मुलांचं बोलणं. ओठ वाचायची सवय इतकी पक्की, की समोर बसलेल्या माणसाला संशयसुद्धा येत नसे. चारचौघांत मात्र ती सगळे हसले की मग हसायची, जराशी उशिरा. पुढे तिने चारचौघांत यायचंच सोडलं. नवऱ्याशीही बोलणं कमी झालं, कारण त्याला पाठमोरं बोलायची खोड.

मास्तरणीचे कानही थकले होते, पण बेताने. तिने ते तपासून घेतले, दुकानातून एक यंत्र घेतलं आणि तिला ते छान लागू पडलं. मग तिच्या मनाने घेतलं की धाकटीलाही असंच एक घेऊन द्यावं. दुकानदार म्हणाला, त्यांना घेऊन या, तपासल्याशिवाय कसं देणार? ही म्हणाली, नको हो, एकाच शेडमध्ये राबलो आम्ही, तिचे कान माझ्यासारखेच. दुकानदाराने फार ताणलं नाही.

ते यंत्र धाकटीच्या कानात शिट्टी मारायचं. ताटली ठेवली की डोक्यात घण बसायचा, आणि माणसांचं बोलणं होतं तसंच राहायचं. चार दिवसांनी ती म्हणाली, जाऊबाई, माझ्या डोक्यात शेड सुरू होते. तिने ते यंत्र कपाटाच्या खणात टाकलं. त्यानंतर कोणी कानांचा विषय काढला की ती खणाकडे बोट दाखवायची. घालून पाहिलं, मला नाही चालत. अशी पाच वर्षं गेली.

आणि मग तिचे डोळे बिघडले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचाच आजार, ऑपरेशनने बरा होणारा नव्हे. दोन हातांवरचा चेहरा दिसायचा, त्यापलीकडे सगळं धुरकट. ओठ वाचणंही जवळजवळ गेलं. दीर, धाकटीचा नवरा, स्वतः मास्तरणीकडे आला. तो कधी कोणाकडे काही मागायचा नाही, त्या दिवशी मात्र बराच वेळ खुर्चीच्या काठावर बसून राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "ती आता माझ्याशी बोलतच नाही. मी घरात असलो काय, नसलो काय, तिला सारखंच. तुमचं ती ऐकते. तुम्ही काहीतरी करा."

तुमचं ती ऐकते, हे मास्तरणीला नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं.

तिने धाकटीला कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. या बाई दुकानातल्या नव्हत्या, कानांचंच शिकलेल्या होत्या. आधी त्यांनी दिवा लावून कान आतून पाहिले, मग धाकटीला काचेच्या एका बंद खोलीत बसवलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. धाकटी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून नुसतीच बसली होती. त्यानंतर शब्दांची पाळी. बाई तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द म्हणणार आणि धाकटीने तो परत म्हणायचा. मास्तरीण बाईंच्या पाठीमागे, पण काचेच्या अगदी जवळ बसली होती, आणि काचेपलीकडे हातभर अंतरावर धाकटी. पहिले चार शब्द धाकटीचे चुकले. पाचवा बरोबर आला, सहावाही, सातवाही. बाईंना नवल वाटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं तर मास्तरीण कपाळावर आठ्या घालून आठवा शब्द ओठांनी सांगत होती.

बाईंनी मास्तरणीची खुर्ची भिंतीकडे फिरवली. आतून धाकटीला हसू फुटलं. किती वर्षांनी ते हसणं ऐकलं, असं मास्तरणीला भिंतीकडे बघत वाटलं. त्यानंतरचे शब्द बहुतेक चुकले.

मग बाईंनी चौकशी केली. किती वर्षं मागावर होत्या? कानांत काही घालत होत्या का? धाकटीला प्रश्न कळला नाही. तिने सवयीने मास्तरणीकडे पाहिलं, आणि मास्तरणीच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "त्या काळी असं काही नव्हतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या सावकाश समजावत गेल्या. कानाच्या आत नाजूक केस असतात, रोजच्या मोठ्या आवाजाने ते मोडतात आणि पुन्हा येत नाहीत. साधे मेणाचे बोळे जरी नीट बसणारे असते ना, त्या म्हणाल्या, तरी पुष्कळ वाचलं असतं. आणि ते जुनं यंत्र? ते दुसऱ्याच कोणाच्या कानांसाठी लावलेलं होतं. यांना खालचे जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. त्या यंत्राने जाडच वाढवले. मग डोकं दुखणार नाही तर काय होईल? आता दोन्ही कानांना हवं, यांच्याच कानांचा साचा घेऊन, आणि दोन आठवडे घरी वापरून बघायचं. जिथे टोचेल, जिथे कर्कश वाटेल, ते कागदावर टिपून आणायचं. बदलता येतं, नाही जमलं तर परतही करता येतं. तशी अट लेखी नसेल तिथे घेऊच नका.

"पाच वर्षांपूर्वी आल्या असत्या तर बरं झालं असतं," बाई शेवटी म्हणाल्या. "आवाज मी आणून देईन. पण इतकी वर्षं न ऐकलेले शब्द पुन्हा ओळखायला मेंदूला शिकावं लागतं. काही येतील, काही येणार नाहीत."

घरी आल्यावर मास्तरणीने सुयांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. झाकणावरचा रंग कधीच उडाला होता. घरं वेगळी झाल्यापासून धाकटी या घरी शेकडो वेळा आली असेल, पण ही डबी आपण कधी तिच्यासमोर काढली नाही. म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक होतं. तिने ठरवलं, नवं यंत्र धाकटीच्या कानांत बसलं की सांगायचं. ओठांनी नाही, आवाजाने. ते तिला आपल्या तोंडून ऐकू आलं पाहिजे.

पंधरा दिवसांनी बाईंनी दोन्ही यंत्रं बसवली, संगणकावर काहीतरी कमीजास्त केलं, धाकटीला कागद चुरगळून दाखवला. धाकटी दचकली आणि त्या कागदाकडे बघत राहिली. काहीतरी आणायला बाई बाहेर गेल्या. मास्तरणीने पिशवीतून डबी काढली आणि एका दमात सांगून टाकलं. हरवली नव्हती. मी बोळे फेकले, डबी ठेवून घेतली, तुला खोटं सांगितलं. तुझे कान माझ्यामुळे गेले.

धाकटी डोळे बारीक करून ऐकत होती.

"तुमचाच ना हा आवाज?" ती म्हणाली. "कोणी दुसरीच बाई बोलतेय असं वाटतं. आवाज येतोय जाऊबाई, शब्द नाही लागत. इकडे फिरा."

तिने मास्तरणीची हनुवटी धरली, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि स्वतःचा चेहरा अगदी जवळ आणला. मास्तरणीला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, यावेळी आवाज न काढता, शेडमधल्यासारखं, एकेक शब्द ओठांवर पुरता उमटवत. एका दमात सांगून मोकळं होणं तिच्या नशिबात नव्हतं.

धाकटीने हनुवटी सोडली. डबी हातात घेऊन तिने झाकणावरून अंगठा फिरवला.

"बाबा दर वेळी विचारायचे," ती म्हणाली. "घालतेस ना गं? मी मान हलवून म्हणायची, रोज घालते. ते गेले तेव्हाही त्यांना तसंच वाटत होतं."



धाकटीने झाकण उघडलं. मास्तरणीचा हात ओढून उताणा केला, डबी त्यावर उपडी केली आणि खालून दोनदा टिचकी मारली, आत एकही राहू नये म्हणून.

"सुया तुमच्या," ती म्हणाली. "डबी माझी."

बाई परत आल्या तेव्हा एक म्हातारी रुमालात सुया गुंडाळत होती आणि दुसरी रिकामी डबी कानाशी धरून तिचं झाकण उघडत-मिटत होती. बाईंनी बजावलं, पहिले काही दिवस रस्त्यावर नको, शांत खोलीत रोज दोन तास, एकाच माणसाने बोलायचं, आणि ओठ न दाखवता.

म्हणून त्या दोघी धाकटीच्या स्वयंपाकघरात गेल्या. धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली. मास्तरणीला वाटलं होतं, ती आता जा म्हणेल. ती म्हणाली, "करा सुरू."

काय बोलायचं ते मास्तरणीला सुचेना. उभ्या शेडला ओठांवर नाचवणारी बाई, पण आवाज काढून बोलायचं म्हटल्यावर ती ओट्यावरची भांडी सरळ करत राहिली. शेवटी ती फळीपाशी गेली आणि बरण्यांवर लिहिलेलं वाचायला लागली.

"मीठ."

"मीठ," धाकटी म्हणाली.

"साखर."

"साखर."

"लवंग."

धाकटीचे खांदे किंचित मागे वळायला लागले आणि मास्तरणीचे ओठ सवयीने मोठे झाले. पण धाकटी थांबली. पुन्हा खिडकीकडे बघत बसली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

मास्तरीण परत म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली. चौथ्यांदाही शब्द लागला नाही, तेव्हा ती पुढच्या बरणीकडे गेली. फळी संपली तेव्हा अठरांतल्या दहा बरण्यांची नावं धाकटीला ओळखता आली होती. मग तिने लवंगेची बरणी पुन्हा खाली काढली.