पुढचा शाफ्ट

जीप चार इंच उचलून तिला छातीपर्यंत येणारे टायर चढवले, तेव्हा धाकट्याला वाटलं, आता डोंगर आपल्या खिशात. पहिल्याच चढावर गाडीने मान टाकली. टायर मोठा झाला की चाकाचा एक फेरा जास्त जमीन कापतो आणि ते ओझं इंजिनावर येतं. ते उतरवायचं तर ॲक्सलमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदलावी लागते. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे वाढले की गाडीत जोर येतो.

"चपला मोठ्या घेतल्या म्हणून पायात जोर येत नाही," बाबा म्हणाले. कंबरेने दगा दिल्यापासून ते गॅरेजात नुसते बसत, पण तोंडाला सुट्टी नव्हती.

या फेऱ्यांचा मूळ आकडा होता तीन त्र्याहत्तर. नवा कोणता, यावर दोन दिवस डोकी तापली. धाकट्याला चार दहा हवा होता, सडकेवर पळायला. थोरल्याने टायरचा हिशेब मांडून चार छप्पन्न काढला.

"तुझी गाडी सडकेवर किती चालते आणि दगडांवर किती?" बाबांनी धाकट्याला विचारलं.

"दगडांवरच जास्त."

"मग चार अठ्ठ्याऐंशी. पळायची एवढी हौस असेल तर सायकल घ्या, साहेब."

धाकटा हसला. बाबांपुढे तो नेहमी हसूनच हरायचा.

मागच्या ॲक्सलचा संच लगेच आला, पुढचा अडकला. तेवढ्यात धाकट्याला काम लागलं: डोंगरावर मनोरा उभारणाऱ्यांची माणसं रोज वर न्यायची. सोमवारी गाडी उभी नसेल तर दुसरी येणार होती.

"दादा, मागचं तरी करून दे. पुढचं आलं की बघू."

बाबांच्या गॅरेजात हे कधी झालं नव्हतं. बदलायचे तर दोन्ही ॲक्सल एकदम, नाहीतर गाडी दारातून हलणार नाही. थोरल्याने रविवारी, बाबा घरी असताना, मागचा संच बसवला आणि पुढच्या ॲक्सलला जाणारा शाफ्ट काढून गाडीतच पोत्याखाली ठेवला.

"नीट ऐक," त्याने धाकट्याला बजावलं. "पुढे एक आकडा, मागे दुसरा. फोर-व्हील लावलीस तर चाकं एकमेकांच्या उरावर बसतील आणि मधला गिअरबॉक्स फुटेल. म्हणून शाफ्टच काढलाय. चुकून हात गेला तरी काही होणार नाही."

"आणि बाबा?"

"बाबांना मी सांगतो."

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं. गाडी अजून जुन्याच आकड्यावर आहे असं बाबा धरून चालले होते. पुढचा संच बसला की सांगण्यासारखं काही उरणारच नव्हतं.

संच आल्याचा फोन आला. धाकट्याने संध्याकाळी जीप आणून लावली. "सकाळपर्यंत करून ठेवतो," थोरला म्हणाला. पण मालगोदामवाल्यांनी रात्री दार उघडलं नाही. थोरला उजाडताच तिकडे जाऊन बसला. उशीर होतोय हे धाकट्याला कळवावं असं एकदा मनात आलं. पण इतक्या लवकर तो उठेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

खोकं पिकअपमध्ये टाकून तो परतला तेव्हा गॅरेजातली जागा रिकामी होती. बाबा हात पुसत बसले होते. खूप दिवसांनी त्यांच्या बोटांना ग्रीस लागलं होतं.

"जीप कुठंय?"

"घेऊन गेला. वरून बोलावणं आलं म्हणाला." बाबांचा आवाज चढला. "आणि ही काय पद्धत झाली? पुढचा शाफ्ट पोत्याखाली लोळतोय! सुटा भाग टाकून गाडी बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? लावला मी. गाडी एवढी उंच केलीत की खाली सरपटायलाही लागलं नाही."

"त्याने पाहिलं?"

"वाकून पाहिलं. खूश झाला. म्हणाला, दादाने शब्द पाळला."

थोरल्याने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. डोंगराच्या त्या अंगाला फोन कधीच लागत नसे.

"काय झालं रे?"

"काही नाही. बघून येतो."

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते पिकअपमध्ये जाऊन बसले.

सडक संपली, मुरूम लागला. थोरला प्रत्येक वळणावर मान पुढे काढून बघत होता. आता जीप दिसेल, धाकटा टपावर बसून हात करेल, शिव्या घालेल. गिअरबॉक्स फुटलेला असू दे, त्याने मनात म्हटलं. फक्त गिअरबॉक्सच फुटलेला असू दे.

सुट्या दगडांच्या चढाखाली मनोऱ्याची चार माणसं उभी होती. पाचवा माणूस रस्त्याच्या कडेला आडवा होता आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी आपलं जाकीट टाकलं होतं. बूट धाकट्याचे होते.

बाबा त्याच्यापाशी बसले. जाकीट वर करून पाहिलं आणि पुन्हा नीट झाकलं.

"आम्हाला खाली उतरवलं त्याने," त्यांच्यातला मुकादम म्हणाला. "म्हणाला, तुम्ही चालत या, चढ एकटा काढतो. अर्ध्यावर मोठा आवाज झाला. खाली एक लोखंडी दांडा गरगर फिरत होता. त्यानेच ब्रेकची नळी तोडली असणार. गाडी मागे सुटली ती थांबलीच नाही. घळीतून त्याला आम्हीच वर आणलं."

"फोर-व्हील लावली होती?" बाबांनी विचारलं.

"लावली ना. म्हणाला, आज पहिल्यांदा चारही चाकं कामाला लावतो."

मुकादम पोलिसांना बोलवायला खाली गेला. बाबा उठले आणि उताराला लागले. थोरला मागून गेला. घळीत जीप उलटी पडली होती, चारही टायर आभाळाकडे. पुढचा शाफ्ट गिअरबॉक्सपाशी तुटून ॲक्सलला लोंबत होता. सकाळी बाबांनी आवळलेले चारही बोल्ट ॲक्सलच्या टोकाला घट्ट होते.

"ते मागचं चाक धर," बाबा म्हणाले.

"बाबा, नको."

"धर. हलू देऊ नकोस."

त्याने धरलं. बाबांनी दुसऱ्या बाजूचं चाक सावकाश फिरवलं, पूर्ण दोन फेरे, नजर शाफ्टवर. एक चाक अडवलं की दोन फेऱ्यांत ॲक्सलचा आकडा कळतो. मागच्या शाफ्टचे पाच फेरे भरायला थोडे कमी पडले. मग ते पुढे गेले. थोरला न सांगता पुढच्या चाकापाशी गेला आणि ते धरून उभा राहिला. इथे चारही भरले नाहीत.

बाबांचा हात टायरवरच राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गाडी सोडली नसती."

"नसतीच सोडली."

वरून कुणीतरी हाक मारत होतं. बाबांना घळ चढवेना. थोरल्याने हात पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही. दगडांना धरून, थांबत थांबत, ते एकटेच वर निघाले.