चादरीखालची बॅटरी

"गाडी कशी चालतीया, जावईबापू?"

फोनवर हा प्रश्न आला की अभिमन्यूच्या तोंडातून ठरलेलं उत्तर बाहेर पडायचं.

"लई भारी, मामा!"

मामा म्हणजे त्याचे सासरे कोंडीबा. मंगळवेढ्याकडे त्यांची ज्वारीची शेती. यंदा अधिक महिना आला आणि जावयाचं धोंड्याचं वाण म्हणून त्यांनी अनारशांच्या ताटासोबत विजेवर चालणारी स्कूटर आणून दारात उभी केली. "गाडी वर्षभर वापरल्याली हाय, पर ब्याटरी कोरी करकरीत टाकलीया," असं त्यांनी चार माणसांत सांगितलं. अभिमन्यूची मान ताठ झाली. कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्या माणसाला एवढा मान रोज कुठून मिळायचा?

सोलापुरात एका अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड होतं. खोल्या दोन, एक बाहेरची आणि एक आतली. जिना एक, दार एक. आतल्या खोलीला मागच्या बोळाकडे खिडकी होती, पण घरमालकाने चोरांच्या धास्तीने तिला जाड लोखंडी गज ठोकलेले. वर येणारा चोर असल्या खोल्यांतून काय नेणार होता, ते त्या घरमालकालाच ठाऊक. अशा त्या घरात अभिमन्यू, त्याची बायको उत्कर्षा आणि सात वर्षांची लेक अपेक्षा राहत होती.

खाली चार्जिंगची सोय नव्हती. म्हणून अभिमन्यू रोज संध्याकाळी बॅटरी काढून वर आणायचा आणि दाराशेजारच्या बोर्डाला लावायचा. गाडी येऊन आठवडाही झाला नसेल, जिना चढताना त्याचा पाय सटकला आणि बॅटरी हातातून निसटून पाच पायऱ्या गडगडत खाली गेली. एक कोपरा आत चेपला. अभिमन्यूने आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. वर नेऊन लावून पाहिली, चार्जरचा दिवा लागला. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि चेपलेली बाजू भिंतीकडे करून ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी पडली तर पडली, बायकोला सांगायला काय झालं होतं? पण यामागे एक अंगठी होती. मागच्या अधिक महिन्यात, तीन वर्षांपूर्वी, याच सासऱ्यांनी दिलेली सोन्याची अंगठी याने आठ दिवसांत हरवली होती. तेव्हापासून सासरवाडीच्या प्रत्येक लग्नात मेव्हणे विचारायचे, "दाजी, बोट तरी जाग्यावर हाय न्हवं?" सगळे खो खो हसायचे. अभिमन्यूही हसायचा आणि जेवण घशाखाली उतरायचं नाही. पुन्हा ती वेळ आणण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्याने ठरवलं आणि त्या ठरवण्यात तो स्वतःच अडकला.

दिवस गेले तशी बॅटरी जास्त तापू लागली. हात लावला की चटका बसायचा. एक बाजू किंचित फुगल्यासारखी दिसू लागली. बरं, कंपनीच्या माणसाला दाखवावी, तर तो पहिला प्रश्न विचारणार, पडली होती का? चार्जिंग बंद ठेवावं, तर उत्कर्षा विचारणार, गाडी का उभी? आणि रात्री सासऱ्यांचा फोन! शेवटी त्याने सोलापूरकराचा हमखास उपाय केला. उन्हाळ्यात माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट बॅटरीला गुंडाळलं.

नेमके त्याच वेळी ईरप्पा वर आले. खालच्या गाळ्यात ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. तीस वर्षं तारांशी खेळलेला माणूस. ते ओलं गोणपाट बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"यप्पा! ओ सायेब, ह्यो काय माट हाय व्हय? काढा, काढा ते. इजेला पानी पाजताय?" गोणपाट बाजूला करून ते वाकले, आणि त्यांचा आवाज बदलला. "ही फुगलीया. कुटं पडली हुती का?"

"छे छे. पडंल कशाला?"

"बघा बरं आटवून. पडलेली ब्याटरी लगीच काय बोलत न्हाय. आतल्या आत बिघडत जाती आनि एक दिवस पेट घेती. आनि ह्यो चार्जर बी तिचा वाटत न्हाय मला. त्यात ठेवली कुटं, तर दारात! उद्या काय झालं तर तुमी निगनार कुटनं?"

"सासऱ्यांनी दिलीय ती. बघूनच दिली असणार की."

"सासऱ्याला काय म्हाईत तिच्या पोटात काय चाललंय?" ईरप्पा म्हणाले. "ऐका माजं. लावू नका आता. खाली उगड्यावर ठिवू, आनि जानकार मानसाला बोलवू."

"बघतो," असं अभिमन्यू म्हणाला. आपल्याकडे 'बघतो' म्हणणारा माणूस काय बघतो, हे मी सांगायला नको. पण खरं सांगायचं तर त्याला त्या दिवसापासून झोप लागत नव्हती. घरात शिरताना तो श्वास धरून शिरायचा.

त्यातच कोंडीबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि ते लेकीकडे मुक्कामाला आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीच कमी दिसणारं. आतल्या खोलीत त्यांची कॉट टाकली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "उद्या सकाळी पट्टी निगाली की तुमच्या गाडीवर बसून सिद्धेश्वराला जायाचं बघा. बघू द्या तरी मला माजी गाडी पळती कशी."

अभिमन्यूने ताट सारलं. आता नाही कसं म्हणायचं? भर दुपारी तो बॅटरी वर घेऊन आला. उन्हात उभ्या गाडीतली ती बॅटरी हाताला भाजत होती. निवू द्यायलाही तो थांबला नाही. दाराशेजारी लावली, आणि फुगलेली बाजू सासऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कॉटवरची जाड सोलापुरी चादर काढून तिच्यावर पांघरली. वास्तविक कोंडीबांना एका डोळ्याने धड दार दिसत नव्हतं. पण ज्याच्या मनात चोर असतो त्याला आंधळ्याचीही भीती वाटते.

उत्कर्षा वडिलांच्या डोळ्यांचं औषध आणायला बाहेर पडली. अभिमन्यू आत येऊन पंख्याखाली टेकला. अपेक्षा आजोबांना शाळेतली कविता म्हणून दाखवत होती.

बाहेरच्या खोलीतून फुस्स असा आवाज आला. कुकरची शिट्टी अडकावी तसा. मग एक विचित्र, डोकं दुखवणारा वास. अभिमन्यू धावत उंबऱ्यापर्यंत गेला आणि जागीच थिजला. चादरीच्या कडांमधून पांढरा धूर उसळत होता. बघता बघता चादरीने भडका घेतला, फटाफट आवाज होऊ लागले, ठिणग्या खोलीभर उडाल्या. दार त्या आगीच्या पलीकडे होतं!

"आत सरा! हात लावू नका!" खालून ईरप्पांची हाक आली. धूर बघून त्यांनी मेन स्विच पाडला होता. "मधलं दार लावून घ्या! फटीत वली कापडं कोंबा! खिडकी उगडा!"

अभिमन्यूने दार ओढून घेतलं. कोंडीबांचं धोतर, टॉवेल, हाताला येईल ते कॉटजवळच्या कळशीत बुडवून फटीत कोंबलं. अपेक्षाला आणि सासऱ्यांना खिडकीशी आणून बसवलं. समोर मोकळं आकाश आणि मध्ये ते गज. त्याने गज दोन्ही हातांनी हलवून पाहिले. ते तसूभर हलले नाहीत. समोरच्या घरातल्या शकुंतलाकाकू गच्चीतून ओरडल्या, "अग्निशमनला फोन केलाय! येतायत!" ईरप्पा मागच्या बोळात शिडी लावून वर चढले आणि करवतीने गज कापू लागले.

"बाबा, आपण बाहेर कधी जायचं?" अपेक्षाने विचारलं.

त्या प्रश्नाने अभिमन्यूच्या आत काहीतरी तुटलं.

"मामा," तो म्हणाला, "ती ब्याटरी माझ्या हातनं पडली होती. जिन्यावरनं. तुमी दिली त्याच आठवड्यात. मी कुणालाच सांगितलं न्हाई."

"का ओ?"

"अंगठी झाली होती की आधी. परत कुठल्या तोंडानं सांगू?"

कोंडीबांनी चाचपत जावयाचा हात धरला.

"जावईबापू, ती ब्याटरी नवी नव्हतीच. जुनेच सेल हायत, खोकं तेवढं नवं, असं इकनाऱ्यानं माज्या तोंडावर सांगितलं हुतं. उन्हात तापली की लगीच लावू नका म्हनला. तिच्यावर ध्यान ठेवा म्हनला. म्या त्यातलं एक अक्षर तुमास्नी बोललो न्हाय. जावयाला जुनं दिलं म्हनून लोकांत कसं सांगायचं?" त्यांनी हात आणखी घट्ट धरला. "रोज फोन करीत हुतो ते कवतिकानं न्हाय ओ. भ्यावानं करीत हुतो. आनि तुमी म्हनायचा, लई भारी!"

दोघेही एकाच भीतीने महिनाभर फोनवर हसत होते! एकाला दिलेलं जुनं होतं म्हणून लाज, दुसऱ्याला मिळालेलं पडलं म्हणून लाज. आणि दोघांच्या लाजेच्या मध्ये ते लेकरू गजांना धरून उभं होतं.

ईरप्पांचे दोन गज कापून झाले तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली. जवानांनी उरलेले गज तोडले. आधी अपेक्षा खाली उतरली, मग कोंडीबा, शेवटी अभिमन्यू. बाहेरची खोली काळी ठिक्कर पडली होती, पण माणसं वाचली होती.

उत्कर्षा औषधाची बाटली हातात घेऊन बोळात उभी होती. लेकीला तिने पोटाशी धरलं. दोघांनी खालमानेने सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"अहो, तुम्ही आप्पांचा मान राखला. आप्पा, तुम्ही ह्यांचा मान राखला. आणि माझ्या पोरीच्या वाटेत जाळ ठेवला तो कुणी?"



संध्याकाळी गल्ली जमली. मेव्हण्याचा फोन आला, तो कोंडीबांनी मुद्दाम सगळ्यांसमोर घेतला आणि मोठ्याने सांगितलं, "ब्याटरी जुनी म्या दिलती. चूक माजी हाय." अभिमन्यू फोनजवळ वाकून म्हणाला, "आणि पाडली मी." कुणीही हसलं नाही. ईरप्पा तेवढे बोलले. "चार्जिंगला भ्यायचं न्हाय, पर तिला मोकळं ठेवायचं. वर पांगरून न्हाय, अंथरुनावर न्हाय, दाराच्या वाटंत तर न्हायच न्हाय. तिचाच चार्जर, तापली आसंल तर निवून मग, आनि लावून गावाला जायाचं न्हाय. पडली, चेपली, फुगली, की बास! परत लावायची न्हाय. आनि ह्ये सगळं कवा जमतंय? खरं सांगितल्यावर. मी इचारलं तवा एक व्हय म्हनला आसता, तर आज खोली शाबूत आसती."

वाचकहो, आपल्या घरातही असं काहीतरी झाकून ठेवलेलं असेल. कुणी प्रेमाने दिलं, कुणाला वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, अशा कारणांनी आपण बिघडलेली वस्तू घरात वागवतो. आगीला नात्यातलं काही कळत नाही. म्हणून वस्तू देणाऱ्याने तिचा दोष आधी सांगावा, आणि घेणाऱ्याने तिला झालेली इजा लपवू नये. मान त्यातच आहे!

चार दिवसांनी अभिमन्यू भिंती खरवडत होता, तेव्हा शकुंतलाकाकूंनी त्याला जिन्याखाली बोलावलं. हातात रुमाल, रुमालात मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक. पोट फुगून तिची कड उकललेली.

"माझ्या मुलाने, ओजसने पुण्याहून पाठवली होती," त्या चोरट्या आवाजात म्हणाल्या. "महिना झाला अशी आहे. त्याला कसं सांगू?"

अभिमन्यू हसला नाही. त्याने तो रुमाल अलगद घेतला, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत वाळू भरलेल्या लोखंडी घमेल्यात ठेवला, आणि अशा बॅटऱ्या जमा करून घेतात त्या केंद्रावर उद्या स्वतः पोचवायचं कबूल केलं. मग म्हणाला, "काकू, फोन लावा. आत्ताच."

काकूंनी भीतभीत फोन लावला. "अरे, तू दिलेली ती पॉवर बँक फुगलीय. महिना झाला, उशाशीच असते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

पलीकडून ओजसचा आवाज आला, घाबरलेला आणि चिडलेला.

"आई, वाईट वाटलं तर मला वाटू दे ना! तू महिनाभर उशाशी काय घेऊन झोपत होतीस?"