तिसरा पेड

व्हायोला बाप्टिस्ट फोटोतली माणसं नीट करायला शिकल्या तेव्हा त्या कामाला कॉम्प्युटर लागत नसे. गिरगावातल्या एका स्टुडिओत बसून, निगेटिव्हवर अगदी बारीक पेन्सिल चालवून, त्या नवरीच्या गालावरचे वण घालवायच्या. आता त्या साठीला आल्यात. राहतात माझगावला आणि लालबागला स्वतःच्या छोट्या दुकानात स्क्रीनसमोर बसून तेच काम करतात.

गेल्या सप्टेंबरात आकांक्षा त्यांच्याकडे मोबाईलमधला एक फोटो घेऊन आली. तिचे वडील, दगडू तोरसकर, आदल्या दिवाळीच्या आठवड्यात वारले होते. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. घरात त्यांचे फोटो होते, पण सगळ्यांत ते ताठ उभे, ओठ मिटलेले, जणू कुणी हजेरी घेतंय. हा एकच वेगळा होता. वारण्याच्या आधीच्या मे महिन्यात, एका सकाळी चाळीच्या गॅलरीत ते आकांक्षाच्या मुलीची, अपेक्षाची, वेणी घालत बसले होते. अपेक्षा काहीतरी बोलली आणि ते मान मागे टाकून हसले. मागे दारात आकांक्षाची आई, मालन, चहाचा कप धरून हसतेय. आकांक्षाने सहज मोबाईल उचलून टिपलं होतं. कुणाला कळलंही नव्हतं.

फोटो म्हणून त्यात दोष भरपूर होते. उजेड मागून आलेला, त्यामुळे चेहरे काळवंडलेले. कोपऱ्यात निळं पिंप, वर दोरीवर शेजाऱ्यांचे टॉवेल. वडिलांचा उजवा हात हलल्यामुळे नुसता धूसर पट्टा झाला होता. आकांक्षाने पिंप काढायला सांगितलं, टॉवेल काढायला सांगितले, हात स्पष्ट करायला सांगितलं. जमलं तर बनियनच्या जागी शर्टही घाला म्हणाली.

व्हायोलाबाईंनी सगळं लिहून घेतलं. शर्टाचं मात्र ऐकलं नाही. घरी नातीची वेणी घालताना माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. आकांक्षाला ते पटलं.

तीन दिवस त्यांनी त्या फोटोवर घालवले. चेहऱ्यावर उजेड आणला, तोही इतक्या बेताने की सकाळची वेळ सकाळचीच राहिली. पिंप गेलं तिथे गॅलरीचा लाकडी कठडा एकेक गज करून उभा केला. मालनच्या कपातून निघणारी वाफ मूळ फोटोत जेमतेम दिसत होती, ती त्यांनी जपली. हाताच्या जागी मात्र काहीच धरायला सापडेना. तेव्हा त्यांनी नव्या सॉफ्टवेअरचं बटण दाबलं. धुकं हटावं तसा हात वर आला: स्वच्छ, नखांसकट, नातीच्या केसांत गुंतलेला. बाईंना तो आवडला.

फोटो बघायला आकांक्षा आली. चेहरा पाहून तिचे डोळे भरले. मग तिची नजर खाली गेली आणि त्या हातावर अडकली.

व्हायोलाबाईंनी विचारलं, काही चुकलं का. आकांक्षाने मान हलवली आणि सांगितलं की पप्पांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. अंगठ्याजवळचं आणि मधलं बोट मिलमध्ये कापड विणायच्या साच्यात गेलं होतं, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. हा पाच बोटांचा हात तिने जन्मात पाहिला नव्हता.

बाईंना लाज वाटली. यंत्राने अंदाजाने बोटं घातली आणि आपण, इतकी वर्षं काम केलेल्या, विचारलंही नाही. लगेच काढते म्हणाल्या. पण आकांक्षा स्क्रीनकडे बघतच राहिली. म्हणाली, राहू द्या, आधी आईला बघू दे. लग्नानंतरचे पहिले आठ महिने आईने हा पाच बोटांचा हात पाहिलाय.

दुसऱ्या दिवशी ती मालनला घेऊन आली. मालनबाई सत्तरीच्या जवळ पोचलेल्या, बारीक, नऊवारी नेसलेल्या. परळच्या एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला आणि पुष्कळ वेळ त्या हाताकडे पाहत राहिल्या. व्हायोलाबाईंना वाटलं, यांना हाच हवा असेल, आणि तसं असेल तर आपण काही बोलायचं नाही.

"ह्यो हात त्यांचो न्हय," मालनबाई शेवटी म्हणाल्या. "पाच बोटांनी येणी कोणय घालीत."

मग त्यांनी सांगितलं. कॅन्टीनची ड्युटी सकाळी सहाची. त्या पाचला घर सोडायच्या. आकांक्षा शाळेत जायला लागली आणि शाळेने दोन वेण्या, लाल रिबिनी सक्तीच्या केल्या. पहिला आठवडा शेजारच्या पद्मजाने वेण्या घातल्या. दगडूंना ते आवडलं नाही. रोज दुसऱ्याच्या दारात पोरीला का उभी करायची? त्यांनी सुंभाचे तीन पेड खिडकीच्या गजाला बांधले आणि रोज संध्याकाळी सराव केला. दोन पेड डाव्या हातात धरता येत, अडचण तिसऱ्याची. तो पकडायला बोटच नव्हतं. पंधरा दिवसांनी त्यांना जमलं. तिसरा पेड करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये चिमटून ते अंगठ्याने पुढे ढकलायचे. दहावीपर्यंत आकांक्षाच्या वेण्या त्यांनीच घातल्या. शाळेत तिला मैत्रिणी विचारायच्या, तुझी आई इतकी घट्ट वेणी कशी घालते गं. ती खरं सांगायची, तर कुणाला पटायचं नाही.

हे सगळं आकांक्षाला ठाऊक होतं. सुंभाचं मात्र तिने पहिल्यांदाच ऐकलं.

खरा हात परत आणायचा ठरला, पण बघून काढायला काहीच नव्हतं. आकांक्षाने घरचे दोन्ही अल्बम आणले. लग्नं, बारशी, गणपती, सगळीकडे दगडूंचा उजवा हात खिशात, पाठीमागे किंवा खांद्यावरच्या टॉवेलाखाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी तो एकदाही कॅमेऱ्यापुढे येऊ दिला नव्हता.

आकांक्षाचा धाकटा भाऊ निलेश बदलापूरला राहतो. त्याला फोनवर कळलं तेव्हा तो चिडला. पप्पांनी जे जन्मभर लपवलं ते भिंतीवर टांगायचं, हे बरोबर नाही, असं त्याचं म्हणणं. पाच बोटं नकोत तर हात धूसर ठेवा, नाहीतर फोटो कापा. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दोन दिवस दुकानात कुणाचा फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी मालनबाई एकट्याच आल्या. निलेशशी बोलले, म्हणाल्या. तो बोलला ते त्यांनी मनात घोळवलं होतं.

"ते लोकांसमोर लपवायचे. आमच्यासमोर कधी लपवला नाय," त्या म्हणाल्या. "ह्या फोटोत ते आमच्याबरोबर आसत."

व्हायोलाबाईंनी त्यांच्यासाठी स्क्रीनजवळ स्टूल ओढलं.

पुढचे चार दिवस दुपारी दोन ते पाच दोघी तिथेच बसल्या. बाईंनी यंत्राचा हात पुसून मूळ धूसर पट्टा परत आणला आणि त्यावर हाताने, ठिपक्याठिपक्याने काम सुरू केलं. मालनबाई सांगत जायच्या. मधल्या बोटाचा खुंट आत वळलेला होता. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, ते कधी नीट वाढलंच नाही. करंगळी इतर माणसांच्यापेक्षा जाड, कारण सगळा भार तिच्यावर. काही सांगता आलं नाही की त्या आपली दोन बोटं मिटून हात तसा धरून दाखवायच्या. बाई म्हणायच्या, मालनताई, जरा वर, आणि बघून काढायच्या. त्वचेचा रंग पाच वेळा बदलला. सहाव्यांदा मालनबाईंनी काहीच सुचवलं नाही, पदराने तोंड पुसलं, आणि बाई समजल्या की जमलं. तिसरा पेड त्यांनी सर्वांत शेवटी काढला, करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत.

व्हायोलाबाईंनी आयुष्यात हजारो वण पुसले होते. वण जसाच्या तसा परत काढून देण्याचं हे त्यांचं पहिलं काम. आणि इतकं चांगलं काम आपल्या हातून दुसरं झालं नाही, असं त्या सांगतात. त्याचं श्रेय मात्र त्या स्टुलावर बसलेल्या बाईला देतात. पंचेचाळीस वर्षं जवळ असलेला हात नखानखासकट पाठ असणारं माणूस त्यांना दुसरं भेटलेलं नाही.

फोटो श्राद्धाच्या आदल्या दिवशी चाळीत गेला. चाळीतली माणसं बघायला आली. ज्यांनी दगडूंना तीस-तीस वर्षं पाहिलं होतं, त्यांनीही तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. नऊ वर्षांच्या अपेक्षाने शेजाऱ्यांच्या मुलीची वेणी सोडून, आजोबा तिसरा पेड कसा धरायचे ते करून दाखवलं. तिला ते येत होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी निलेश दुकानात आला. पस्तिशीचा, अंगाने जाडजूड, दारातच घुटमळणारा. त्याला तोच फोटो हवा होता, तेवढाच मोठा, बदलापूरच्या घरासाठी. व्हायोलाबाईंनी प्रिंट काढायला घेतली. ती तयार होईपर्यंत तो स्टुलावर बसून सांगत राहिला. पप्पांनी त्याला सायकल शिकवली ती त्याच हाताने सीट मागून धरून. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला टाय त्यांनीच बांधून दिला होता, कुणाकडून तरी शिकून येऊन. बाईंच्या टेबलावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम उघडंच होतं. त्यांनी ते बंद केलं, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं, सायकल कुठल्या मैदानावर शिकवली.