बुवांनी गप्प केलेलं इंजिन

जुन्या गाड्यांच्या आवारात त्या सकाळी एकेचाळीस माणसं होती, सात नादुरुस्त वाहनं होती आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत एक बुवा होते. मधवाल्याच्या मुलीने दोनदा मोजलं. विज्ञानाची पदवी घेतल्यापासून तिला ही खोडच लागली होती. समोर काय आहे ते आधी मोजायचं, मत नंतर बनवायचं.

शेजारी तिचे बाबा गुडघा चोळत उभे होते. त्यांच्या मधमाश्यांच्या बहुतेक पेट्या टेकडीवर होत्या, आणि गेल्या वर्षापासून त्यांना तो चढ चढवत नव्हता. थंडीआधी माश्यांना साखरेचा पाक पोचला नाही, तर सगळ्या पेट्या जाणार होत्या. म्हणून ही एटीव्ही. चार जाड चाकं, वर उघडी, खडकाळ वाटेवरही चढणारी. नवी आवाक्यातली नव्हती. जुन्या गाड्या विकायचे ते हे बुवा.

बुवांनी गाडी सुरू करून बराच वेळ चालू ठेवली. इंजिनात आत कोणी हातोडी मारत बसल्यासारखी ठकठक सुरू झाली.

"ऐकलंत? कण्हतेय बिचारी," बुवा म्हणाले. "मेकॅनिक काय सांगतो? क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा कणाच बदला. म्हणजे उद्या तुमचं डोकं दुखलं, तर डोकंच बदलायचं?"

एकेचाळीस माणसं हसली. बाबाही.

"लोखंडालाही मन असतं. पाना मारून कुणाचं मन बरं झालंय?"

मग त्यांनी इंजिनातलं काळं तेल खाली सोडलं. तो म्हणे तिचा मनस्ताप. त्यांच्या खास बाटलीतलं 'शांतितेल' मात्र बाहेर यायलाच तयार नव्हतं. आलं ते एका जाड, न तुटणाऱ्या धारेने. त्यानंतर सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि प्रवचन ऐकायचं. तासाभरात गाडीला आकाश, अग्नी आणि अहंकार यांची माहिती मिळाली, आणि तोवर ती पुरती गार झाली. मुलीने डोळे उघडेच ठेवले होते. मग सगळ्यांना डोळे उघडायला सांगून बुवांनी उजवा हात इंजिनावर ठेवला, डाव्याने किल्ली फिरवली.

ठकठक नव्हती. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला.

बाबांनी वाकून कान लावला. झाकण न उघडता, नुसत्या गुणगुणीवरून ते पेटीतली राणी आहे की गेली ते सांगत. आयुष्यभर त्या कानाने त्यांना दगा दिला नव्हता.

"राणी असलेल्या पेटीसारखी गुणगुणतेय गं," ते म्हणाले.

"बाबा, अर्धा तास चालू ठेवायला सांगा."

"ताई," बुवा गोड हसले, "नुकत्याच उठलेल्या पेशंटला कुणी पळवतं का?"

"शिकली की अशीच होतात," मागून कोणीतरी म्हणालं.

गाडीच्या बदल्यात खालच्या बागेतल्या बारा पेट्या ठरल्या होत्या. संध्याकाळी माश्या परतल्यावर त्या बुवांच्या टेम्पोत चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने अंगणात गाडी सुरू केली आणि घड्याळ घेऊन बसली. बाविसाव्या मिनिटाला पहिला ठोका पडला. बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. कप हातातच राहिला.

"क्रँकशाफ्टवरचं बेअरिंग झिजलंय," ती म्हणाली. "तिथे फट पडलीय, त्यात दांडा आपटतो. बुवांनी त्या फटीत घट्ट तेल घातलं. गादी अंथरल्यासारखं. पण तापलं की ते तेल..."

"उन्हातल्या मधासारखं," बाबा म्हणाले.

"हो. म्हणून त्यांनी ती आधी तापवून दाखवली आणि मग प्रवचनात गार करून घेतली. हात ठेवला तो आपण हाताकडे बघावं म्हणून."

बाबा पायरीवर बसले. "आपणही पेटीला धूर देतो. माश्या गप्प होतात. रोग असला तर तसाच राहतो," ते म्हणाले. "मला कळायला हवं होतं."

दोघं आवारात गेले. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तपासलंत ना? संशय घेतला की गुण जातो. त्याला मी काय करू?" माना डोलल्या. "आणि पेट्या तर रात्रीच पुढे विकल्या गेल्या हो."

मुलगी गर्दीकडे वळली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. यांच्यावरही ठेवू नका. इथली कुठलीही बरी झालेली गाडी अर्धा तास चालू ठेवा आणि ऐका. एवढंच करा. खरं असेल ते अर्ध्या तासानेही खरंच असेल."

कोणी किल्लीला हात लावला नाही. एका म्हातारबांनी तिला बाजूला सरकायला सांगितलं, त्यांना बुवा दिसत नव्हते. तिने गर्दी मोजली. आज शेहेचाळीस होते. बुवांनी डोळे मिटायला सांगितलं आणि ते मिटले गेले.

घरी आल्यावर बाबांनी पाकाचे डबे गाडीला बांधायला घेतले.

"बाबा, ती पोचणार नाही. तापली की आतून मोडेल."

"मग दुसरं काय आहे आपल्याकडे?"

तिने विचार केला. बेअरिंग शाफ्टसकटच बदलावं लागत होतं. मेकॅनिककडे तो शाफ्ट नव्हता, मागवला तर यायला दोन महिने लागणार होते. थंडी त्याआधी येणार होती. एवढे डबे तिला एकटीला टेकडीवर वाहून नेता येणार नव्हते. तिने दोरीचं दुसरं टोक धरलं.

"जिथवर नेईल तिथवर," बाबा म्हणाले.

अंतराचा काटा तिने शून्यावर आणला आणि मागे बसली. वरच्या पेट्या साडेसहा किलोमीटरवर होत्या.

गाडी थांबली तेव्हा काट्यावर एक किलोमीटर नऊशे मीटर होते.