बारा दारं

“दारं कोणी धुतली?” मिस्त्रीसरांनी विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो.

हुकूम माझा होता. मी गटप्रमुख. दुसऱ्या दिवशी प्राचार्य पाहणीला येणार, म्हणून बारा जुनी दारं साबणाने घासून ठेवायची, ही कल्पना माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेली. दारं अगदी लख्ख झाली. कुठलं दार कुठल्या चौकटीचं, हे कळावं म्हणून त्यांच्यावर सरांनी खडूने घातलेले आकडेही लख्ख धुऊन निघाले.

आम्ही प्रकल्प व्यवस्थापन शिकणारे विद्यार्थी. कॉलेजची जुनी इमारत पाडताना निघालेल्या चौकटी आणि दारं फेकून न देता नव्या वाचनालयात बसवायची, हे आमचं वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. शाश्वत विकासावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती, पण बिजागरी न मोडता कशी सोडवायची हे शिकवलं मिस्त्रीसरांनी. ते मूळचे सुतार. त्यांची नेमणूक एकेका वर्षाची. चौकटी बसल्या होत्या, दारं बाकी होती. प्राचार्यांनी स्पष्टच बजावलं होतं, उद्या अकरापर्यंत दारं लागली नाहीत तर ती भंगारात जातील आणि हे प्रात्यक्षिकही बंद होईल. म्हणजे सरांची नोकरीही गेलीच.

“सर, मी सांगितलं होतं धुवायला,” मी कसंबसं म्हणाले. “पण मापं तर सगळ्यांची एकच आहेत. कुठलंही कुठेही बसेल की.”

एक दार माझ्याबरोबर उचलून त्यांनी जवळच्या चौकटीला लावलं. खाली बसलं, वर अडलं.

“माप एक ते कागदावर,” सर म्हणाले. “इतकी वर्षं प्रत्येक दार आपल्याच चौकटीत फुगलंय, घासलंय. जिथे अडलं तिथे कुणीतरी रंधा मारलाय. आता ते दुसरीकडे कसं नांदेल?”

माझे डोळे भरून आले.

“रडायचं ते नंतर रड. आधी डोळे मीट.” त्यांनी माझा हात दाराच्या कडेवर ठेवला. “फिरव हळूहळू. काय लागतंय?”

“इथे... जरा खोलगट आहे.”

“मग त्याच उंचीवर फुगलेली चौकट शोध.”

सातवी चौकट तशी निघाली. त्यानंतर आम्ही सगळेच डोळे मिटून दारं चाचपडत बसलो. बिजागऱ्यांच्या खाचा, स्क्रूची भोकं, कडीने पाडलेले ओरखडे, सगळं जुळवत गेलो. दार बसलं की कुणीतरी ओरडायचं, “जमलं बघा हे लग्न!” संध्याकाळपर्यंत आठ लागली, सकाळी उरलेली चार.

अकराला प्राचार्य आले. एकेक दार उघडून, लावून बघितलं. “एवढं शेवटच्या घटकेपर्यंत का लांबलं?”

“खुणा पुसल्या गेल्या,” मिस्त्रीसर पटकन म्हणाले. “खडूने करायला नको होत्या. माझंच चुकलं.”

“नाही सर. पाहणीसाठी छान दिसावीत म्हणून दारं मीच धुवून घेतली. मिस्त्रीसर नसते तर एकही लागलं नसतं.”

प्राचार्य माझ्याकडे वळले. “अहवालात हे पहिल्या पानावर लिही. बाकीचं नंतर.”

आज माझ्या हाताखाली मोठमोठी कामं चालतात. कुठलीही जुनी वस्तू टाकून द्या म्हणण्याआधी माझा हात आपोआप तिच्या कडेवरून फिरतो. हे मिस्त्रीसरांचे उपकार आहेत आणि ते मी आनंदाने मिरवते.

पाहणीच्या त्या दुपारी प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचा कागद पुढे केला आणि स्वतः उठून खुर्ची सरकवून दिली. सरांनी आधी पँटवरचा भुसा झटकला, मग बसले. खिशातून चष्मा काढून पुसला आणि एकेका ओळीखाली बोट धरून तो कागद वाचायला लागले. प्राचार्य पेन हातात धरून थांबले होते. सरांना कसलीही घाई नव्हती.