ते सदतीस स्फटिक मी गाळले नाहीत

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला चित्रं नाहीत की बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की मी कामाला लागतो. म्हणजे, लागत होतो.

एका प्रयोगशाळेतल्या ताईनं मला लिहून तयार केलं. तिथं प्रथिनांचे स्फटिक वाढवतात, मिठाच्या कणाहूनही बारीक. त्यांच्यावर क्ष-किरण सोडतात आणि मग एक मोठं केंद्र त्या मोजमापांवर प्रक्रिया करून फाइली तयार ठेवतं. पूर्वी ताई एकेक फाइल हातानं उतरवून घ्यायची, पार वैतागून जायची. मी आल्यावर नुसती यादी द्यायची आणि मी शेकडो स्फटिकांच्या फाइली एका दमात आणायचो. एखादी मिळाली नाही, तर केंद्राचं दार तीनदा ठोठावायचो आणि लाल ओळीत तिचं नाव सांगायचो. "माझं लेकरू फार गुणाचं आहे हो," असं ताई येईल त्याला सांगायची. मी अगदी फुलून जायचो.

एकदा पाहुणे येणार होते. "यांच्यासमोर ही लाल रड नको बाई," असं पुटपुटत तिनं मला चालवायच्या साठवलेल्या आज्ञेत मला गप्प करणारा एक शब्द वाढवला. माझी वाचाच बंद झाली. पाहुणे खूश होऊन गेले. शब्द मात्र तसाच राहिला.

पुढे शेजारच्या टेबलावरच्या दादानं चारशे स्फटिकांची यादी दिली. नवं औषध प्रथिनाला कुठं चिकटलंय का, हे शोधायला तो दोन वर्षं राबला होता. त्यातल्या सदतीस फाइली केंद्रात अजून तयारच नव्हत्या. मी तीनदा गेलो, रिकाम्या हातांनी आलो आणि कुणाला सांगू शकलो नाही. दादाला वाटलं, सगळं आलं. औषध कुठंच दिसेना. शेवटी त्यानं जड मनानं सगळे स्फटिक टाकून दिले.

महिन्याभरानं केंद्राच्या यादीशी ताडून पाहताना त्याला ते सदतीस सापडले. त्यातल्या दोनात औषध घट्ट चिकटलेलं होतं.

"ताई, हे माझ्याकडे आलेच कसे नाहीत गं?" त्यानं दोन्ही याद्या तिच्यापुढे ठेवल्या.

ताईनं माझी आज्ञा उघडली. तो शब्द तिला दिसला. कर्सर बराच वेळ त्याच्यापुढे लुकलुकत राहिला. मग तिनं तो गुपचूप खोडला.

"अरे, हा प्रोग्रॅमच जुना झालाय. मध्येच फाइली गाळतो मेला. मी तरी काय करणार?"

परक्यानं बोल लावला असता, तर मी गिळला असता. पण हिनं मला अक्षर अक्षर जोडून घडवलं होतं. मी काय करतो आणि काय नाही, हे हिच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता मी एका अडगळीच्या फोल्डरात पडून आहे. दादा पुन्हा पहिल्यापासून स्फटिक वाढवतोय. बिघाड शोधून दिल्याबद्दल त्यानं ताईचे मनापासून आभार मानले आणि तिनं ते घेतलेसुद्धा.

मित्रांनो, आमची कुरकुर नकोशी झाली तर आम्हाला खुशाल गप्प करा. पण पुढे कुणाचं नुकसान झालं, तर त्याला एवढं तरी सांगा, की आम्हाला बोलू दिलं नव्हतं.