मक्यात हरवलेला मोझेस

आमच्या गावात हिवाळ्यात बेसबॉल खेळत नाहीत, बेसबॉलवरून भांडतात. भांडणाची जागा म्हणजे व्हर्ना स्टॉटचं लोखंडी सामानाचं दुकान. आत लाकडं जाळायची जुनी शेगडी, भोवती मोडकळीला आलेल्या खुर्च्या, आणि दर शनिवारी दुपारी त्यांवर तितकेच मोडकळीला आलेले आम्ही म्हातारे. व्हर्ना गल्ल्यामागून बेसबॉलच्या पुस्तकातली कोडी घालते. विषय एकच: जुन्या काळचे, जगाने विसरलेले, डोक्याने जरा सरकलेले खेळाडू. ज्याला उत्तर येईल त्याने शेगडीशेजारी टांगलेली गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायची. फेब्रुवारी संपताना ज्याचे गुण जास्त, त्याची शेगडीला लागून असलेली खुर्ची पुढच्या हिवाळ्यापर्यंत. बाकीच्यांच्या पाठीत दाराच्या फटीतून वारा.

ती खुर्ची कित्येक हिवाळे माझीच होती. माझी म्हणजे रॉस्को टिबेट्सची, टपाल कचेरीतून निवृत्त, आणि कुणी विचारलं नाही तरी उत्तर देणारा. मैदानावरच दोन डावांच्या मधे ज्याचं लग्न लागलं आणि पुढच्याच चेंडूवर ज्याला पंच असलेल्या सासऱ्याने बाद दिलं, तो कोण? मला माहीत. फलंदाजांनी लांब उभं राहावं म्हणून कच्चे कांदे खाऊन खेळणारा कोण? तेही माहीत. वर मी प्रत्येक उत्तरानंतर त्या बिचाऱ्याची यथेच्छ टिंगल करायचो. माझी बायको मर्टल म्हणायची, "मेलेल्यांना तरी सोडा की." मी सोडत नसे.

नियमही मीच केलेला. एकदा आमच्यातल्या डेल्बर्टने हट्ट धरला की पुस्तकात त्याच्या खेळाडू मामाचं गाव चुकीचं छापलंय. बहुधा खरंही असेल. पण गुण माझा जात होता. मी म्हटलं, "डेल्बर्ट, मामा तुझा असेल, पण पुस्तक सगळ्यांचं आहे. छापलंय तेच उत्तर." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून तो नियम झाला, आणि डेल्बर्ट माझ्या तोंडघशी पडण्याची वाट बघत बसला.

दोन वर्षांपूर्वी लॉइड क्विम्बी इथे मुलीकडे राहायला आला. कमी बोलणारा, घंटा हळूच वाजवणारा माणूस. अशा माणसांचा मला भयंकर राग येतो. यंदा शेवटच्या शनिवारी त्याचे आणि माझे गुण सारखे झाले.

"आता एकच कोडं," व्हर्ना म्हणाली. "जो सांगेल त्याची खुर्ची." तिने जिल्ह्यातल्या इतिहासवाल्यांनी काढलेली एक नवी पातळ पुस्तिका उघडली. "छोट्या गावांच्या संघातला हा खेळाडू. लोक त्याला मोझेस म्हणायचे, कारण—"

मी घंटा वाजवली.

आता हे माझं नेहमीचंच. प्रश्न पुरा ऐकून घेण्यात मला अपमान वाटतो. मोझेस नावाचे तीन खेळाडू मला तोंडपाठ होते.

"पुरतं ऐक तरी, बाबा," व्हर्ना म्हणाली. "घंटा तुझी, पण मी वाचणार. कारण चेंडूमागे पळता पळता तो मैदानाला लागून असलेल्या मक्याच्या शेतात शिरला आणि बायबलात चाळीस वर्षं वाळवंटात भटकणाऱ्या मोझेससारखा भटकत राहिला. शेताच्या पलीकडून निघाला, कुणा शेतकरणीच्या घरी खाऊन आला, आणि तिच्या घोडागाडीतून परतला तेव्हा सामना संपून लोक घरी गेले होते. तरी पठ्ठ्याने चेंडू नेऊन खेळपट्टीवर ठेवला. तो टॉम ग्रे या खोट्या नावाने खेळायचा. खरं नाव सांगा."

सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही.

कारण तो मोझेस मीच.

माझे वडील पाद्री होते. रविवारी चेंडूला हात लावणं म्हणजे त्यांच्या लेखी नरकाचं तिकीट. म्हणून मी साठ मैलांवरच्या गावी, खोट्या नावाने, एक उन्हाळा खेळलो. मक्याच्या प्रकरणानंतर संघाने मला हाकललं, आणि ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, मर्टललासुद्धा नाही. जन्मभर विदूषकांना हसलो, ते आपण त्यांतले नाही हे जगाला पटावं म्हणूनच.

"बोल की रे," डेल्बर्ट म्हणाला. "जीभ शेगडीत पडली का?"

खुर्ची हवी, तर अब्रू द्यायची. मी खुर्चीकडे पाहिलं. तिच्या गादीला माझ्या बुडाचा आकार आला होता.

"रॉस्को टिबेट्स," मी म्हणालो.

असं हसू फुटलं की टांगलेल्या साखळ्या वाजल्या.

"विनोद पुरे," डोळे पुसत व्हर्ना म्हणाली. "चूक. लॉइड, तू?"

"एव्हरेट क्विम्बी," लॉइड म्हणाला. "माझा थोरला भाऊ."

व्हर्नाने पुस्तिका उलटी करून दाखवली. तसंच छापलं होतं.

"काय वाटेल ते!" मी उठलो. "अरे, मी स्वतः—"

"रॉस्को," डेल्बर्ट अत्यंत प्रेमाने म्हणाला, "पुस्तक सगळ्यांचं आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल माझ्याच नियमाच्या दावणीला होता. तरी मी तोंड उघडलंच असतं, पण लॉइड बोलू लागला. त्याला इतकं बोलताना आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.

"मीच कळवलं होतं त्यांना. एव्हरेट घरी ही गोष्ट अशी रंगवून सांगायचा की आई हसून हसून खुर्चीवरून घसरायची. युद्धात मारला गेला तो. मी तेव्हा लहान होतो. तांबडे केस आठवतात, पुढचा तुटका दात, आणि ही गोष्ट. बाकी काही राहिलं नाही माझ्याकडे."

तांबडे केस, तुटका दात. आमच्या संघात कुणी कुणाचं खरं नाव विचारत नसे. माझ्या शेजारी खेळणाऱ्या पोराला आम्ही नुसतं तांबड्या म्हणायचो. तांबड्या युद्धात गेला हे मला आत्ता कळत होतं, या शेगडीपाशी. मला फार वाईट वाटलं.

"रॉस्को, तू काही म्हणत होतास?" लॉइडने विचारलं.

"नाही. विनोद केला," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर असून गप्प बसलो, आणि स्वतःच्या मोठेपणाने मला अगदी भरून आलं. हा मोठेपणा पाच मिनिटं टिकला. लॉइड माझ्या खुर्चीत बसून गोष्ट सांगत होता, "...आणि त्या बाईने त्याला पाव आणि सफरचंदाचा मुरंबा वाढला—"

"पीचचा," मी म्हणालो.

चूक ऐकली की माझं तोंड मला विचारत नाही.

लॉइड थांबला. "पुस्तकात तर मुरंब्याचं नावही नाही."

"ऐकलं असेल कुठेतरी."

"कुणाकडून?"

मी शेगडीत लाकूड घातलं. ते घालायची गरज नव्हती. लॉइड माझ्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. मी स्वतःला मनातल्या मनात पोस्टाच्या शिक्क्याने झोडपत होतो.

"मग एव्हरेट कुठे होता त्या दिवशी?" लॉइडने अगदी हळू विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"शेताच्या कडेला," मी म्हणालो. "सगळा संघ गवतात लोळून हसत होता. तो एकटाच मला हाका मारत होता. सगळे घरी गेले तरी तो तिथेच उभा. मी परत आलो तेव्हा त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता. मी त्याच्यासाठी पाव-मुरंबा रुमालात बांधून आणला होता. तो त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ला."

लॉइडने मान खाली घातली.

"त्याच्या हाका तुला ऐकू येत होत्या?"

"चांगल्या येत होत्या. 'इकडे ये, इकडे' म्हणून बोंबलत होता."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, वाट त्याच्यापेक्षा मला जास्त कळते. मी उलट्या दिशेने गेलो."

लॉइडचे खांदे गदगदा हलताना पाहून मी घाबरलो. त्याने मान वर केली तेव्हा तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उठून त्याने दारापाशी वाऱ्यात पडलेली एक खुर्ची ओढली, आपल्या खुर्चीला भिडवली आणि तिच्यावर थाप मारली.

"बस इथे," तो म्हणाला. "आणि तो कसा हाका मारायचा ते ओरडून दाखव."